पलटणीची झालर

५ फेब्रुवारी १९२३, नवापूर

आलो बुवा एकदाचा! नंदुरबार सोडलं तेव्हा रशिदा दारात उभी होती. आठवा लागलाय, तरी कंबरेवर हात ठेवून मलाच दम देत होती की, जेवणाची हेळसांड करू नका आणि बाळाच्या आधी घरी या. मी म्हटलं, पलटणीचं काम आहे बाई, मधेच सोडलं तर कोर्टमार्शल होईल. तिला काही हसू आलं नाही. गाडीत कुणाची तरी कोंबडी माझ्या कारचोबावर बसून नवापूरपर्यंत आली. कारचोब म्हणजे आमची भरतकामाची लाकडी चौकट. तिच्यावर आजवर नवरीच्या ओढण्या, देवळाचे ध्वज, दर्ग्याच्या चादरी ताणल्या, पण कोंबडीला मान पहिल्यांदाच मिळाला.

बंगला रंगावली नदीच्या पलीकडे आहे, कौलारू, तिन्ही बाजूंनी ओसरी. मालक सुभेदार करणसिंग, पेन्शनीत निघालेले, मूळचे शहाद्याकडचे. छातीवर पदकं, मिशीला मेण. खानदेश डोंगरी पलटणीचं नवं निशाण मला भरायचं आहे. जुनं फाटलंय, आणि पलटण तर सरकारनं गेल्याच वर्षी मोडून दुसऱ्या पलटणीत मिसळून टाकली. मेलेल्या माणसाला नवा अंगरखा कशाला, असं ओठांवर आलं होतं, ते गिळलं. आठ मार्चला कलेक्टरसाहेब येणार आणि निशाण कचेरीत टांगणार.

खोली हवेशीर आहे, उजेड भरपूर. सुभेदारांनी ही वही दिली, वर पलटणीचं चिन्ह छापलेली. कामाची नोंद रोज ठेव, असा हुकूम. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो ते आज कामी आलं.

६ फेब्रुवारी

जुनं निशाण पाहिलं. काचेच्या पेटीत ठेवलंय. हिरवं रेशीम, मधोमध ताणलेलं धनुष्य, त्यावर आडवा बाण, भोवती मोहाच्या पानांची माळ, वर मुकुट आणि खाली पट्टीवर ब्रीद: खाल्ल्या मिठाला जागू. दोन्ही अंगांना पलटणीनं गाजवलेल्या लढायांची नावं, इंग्रजी अक्षरांत, सोन्याच्या जरीनं. इंग्रजी मला वाचता येत नाही. मी ती अक्षरं वेलबुट्टी समजून उतरवतो, आणि आजवर एकाही साहेबानं चूक काढलेली नाही.

मग सुभेदारांनी पलटणीची वंशावळ ऐकवली. भाटालासुद्धा धाप लागली असती. शंभर वर्षांपूर्वी एका साहेबानं डोंगरातल्या ज्या लोकांना पकडायचं होतं, त्यांनाच लाल डगले चढवून ही पलटण उभी केली. पुढे तिचा नंबर बदलला, टोपी बदलली, धनुष्यावर आधी नुसतं वर्तुळ होतं तिथे काबूलच्या लढाईनंतर मुकुट आला. माझ्या पणज्याचं नाव मला ठाऊक नाही, पण या पलटणीच्या पणज्याच्या बटणावर काय होतं ते आता तोंडपाठ आहे.

निशाणाला खाली जरीची झालर आहे. तिच्या गोंड्या-गोंड्यात मळके सुती दोरे गाठवलेत, लाल, काळे, हळदीचे. हे काय म्हणून विचारलं, तर सुभेदार म्हणाले, डोंगरातल्या बायकांचा कचरा आहे, साहेब हे जुनंही बघणार, त्याआधी झालर उसवून टाक, नवी लाव. घरकामाची पारुबाई तेव्हा पेटीची काच पुसत होती. तिनं पुसणं थांबवलं नाही.

९ फेब्रुवारी

धनुष्य पुरं झालं. स्वतःच्या कामाची तारीफ करू नये, पण प्रत्यंचा अशी बसलीय की बोट लावलं तर बाण सुटेल.

आज निशाणावरच्या शेवटच्या नावाची गोष्ट ऐकली. मेसोपोटेमियातली एक जागा, सुभेदार तिला खारा कालवा म्हणतात. अक्षरं सगळ्यांत मोठी. तिथे डोंगरी कंपनीला एका बांधावर बसवलं आणि कुमक येईपर्यंत हलायचं नाही, असा हुकूम झाला. समोर कालवा, पण पाणी खारं, तोंडात धरवत नाही असं. कुमक आलीच नाही. पोरं तहानेनं आणि गोळीनं संपली, एकही परतला नाही. सुभेदार निशाण घेऊन आधीच मागे आले होते, तसा वेगळा हुकूम होता म्हणे. पलटणीला त्याबद्दल हे नाव मिळालं आणि सुभेदारांना पदक. एवढं सांगेपर्यंत त्यांनी दोन पेले वाळ्याचं सरबत संपवलं.

दुपारी पारुबाई जवळ येऊन बसली. ती वरच्या डोंगरातली, घरची बोली वेगळी, माझ्याशी आमची अहिराणी बोलते. म्हणाली, "झालर काढशी ना, तव्हय माले देजो, भाऊ." मी सुईत कलाबतू, म्हणजे सोन्याचा तार, ओवत होतो. हो बाई, देतो, म्हणालो आणि विसरलो.

१५ फेब्रुवारी

झालर उसवली. आमच्या धंद्याची जुनी रीत आहे: जुनी जर जाळायची. सूत जळून जातं, चांदी खाली उरते, ती कारागिराची. बापानं तेच केलं, आजानंही. पारुबाई नदीवर धुण्याला गेली होती. ती असती तर निदान आठवण झाली असती. अंगणात शेगडी पेटवली आणि झालर दोऱ्यांसकट तिच्यात टाकली. गाठी सोडवत बसायला वेळ कुणाला?

धूर खारट लागला, जिभेवर बसला. बोराएवढी चांदी निघाली. बाळाच्या पायातले वाळे होतील.

१६ फेब्रुवारी

पारुबाईनं झालर मागितली. माझ्या पेटीत जपून ठेवलीय, काम संपलं की देतो, असं सांगितलं. चिंध्या मागणाऱ्या बाईशी खोटं बोलायची मला काय गरज होती? पण तिनं दोन्ही हात पुढे धरले होते, प्रसाद घेताना धरतात तसे, आणि माझ्याच्यानं खरं बोलवेना.

१९ फेब्रुवारी

सदऱ्याची सगळी बटणं एकदम गळाली. दोरा कुठेच नाही, नुसती भोकं. दुपारी उशीची शिवण गेली, कापूस खोलीभर. उंदीर असतील म्हणावं, तर उंदीर दोरा खाऊन कापड ठेवतात का? सुती रिळं बांधून ठेवली होती, त्यांची नुसती लाकडं उरलीत. कलाबतू मात्र जिथल्या तिथे. सोन्याला कुणी हात लावलेला नाही. असला चोर मी जन्मात पाहिला नाही.

आणि पाणी. सकाळी भरलेला रांजण दुपारी कोरडा. पारुबाई कुरकुर न करता पुन्हा नदीवर जाते, पुन्हा भरते, पुन्हा रिकामा.

२३ फेब्रुवारी

भर दुपारी मोहाच्या झाडाखाली माणसं बसली होती, खाकी कपड्यांत, नीट ओळीनं. मला वाटलं पेन्शनर आले, समारंभाची तालीम असेल. ओसरीवरून हाक मारली, पाणी हवं का म्हणून. सगळ्यांनी एकदम मान वर केली.

त्यांच्या अंगावरच्या कपड्यांना शिवण नव्हती. बाह्या खांद्यापासून सुटलेल्या, बुटांचे तळ उघडे, पट्टे लोंबणारे. ओठांवर पांढरं मीठ साचलेलं. एकेकानं उजवा हात पुढे केला, तळवा वर, माझ्याकडे.

मी आत पळालो. परत पाहिलं तर कुणी नव्हतं. धुळीत नालाच्या बुटांचे ठसे होते, ओळीनं, सगळ्यांची टोकं माझ्या खोलीकडे. सुभेदारांनी ते पाहिले, गड्याकडून झाडून घेतले आणि मिशीला पीळ देत आत गेले. तेव्हापासून ते ओसरीवर आलेले नाहीत.

२६ फेब्रुवारी

आज पारुबाईला खरं सांगितलं. झालर जाळली, म्हणालो.

ती ओरडली नाही, तेच वाईट. हंडा खाली ठेवून जवळ बसली. मग सगळं सांगितलं. त्यांच्याकडे माणूस दूर मेला आणि मढं हाती आलं नाही, तर आई आपल्या हातानं कातलेला दोरा त्याच्या नावानं बांधते. त्या दोऱ्याच्या मागून जीव गावात येतो. मग त्याच्या नावाचा खांब रोवायचा, भात ठेवायचा, दारू शिंपायची, की तो घरी पोहोचला. लढाई लागली तेव्हा करणसिंग भरतीला डोंगरात आले. पोरं सोडायला आया तयार नव्हत्या. मग करणसिंगच म्हणाले, दोरा आत्ताच निशाणाला बांधा, जिथे निशाण परतेल तिथे तुमचं पोर परतेल. बायका डोंगर उतरून आल्या आणि झालरीला एकेक गाठ मारून गेल्या.

निशाण परतलं. आया दोरे मागायला आल्या, तर ते सरकारी मालमत्ता झाले होते. पारुबाई तेव्हापासून या घरात भांडी घासते, रोज ती काच पुसते. तिच्या पोराचं नाव रूपसिंग. लाल दोरा होता, हळद लावलेला.

जाताना ती एवढंच म्हणाली, "त्यास्नी घरनी वाट तू जाळी टाकी, भाऊ."

२७ फेब्रुवारी

सुभेदारांना गाठलं. आयांना दोऱ्याचं खोटं वचन का दिलंत, म्हणून विचारलं. ते हसले. म्हणाले, भरतीला माणूस बोलतो काहीतरी, हनुमानाची शपथ घालतो, पीराची घालतो, या जंगली लोकांना दोऱ्याची घातली. त्यात खरं होण्यासारखं काय होतं? मग हसू थांबलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, इतकी वर्षं ती पोरं पेटीत गुपचूप होती, पेटवलीस तू, आता तुझं तू बघ.

थुंकलो त्यांच्या पायरीवर. पण खरं तेच आहे. दगा त्यांचा, आग माझी.

३ मार्च

रोज दुपारी येतात. रोज थोडे जवळ. आज ओसरीच्या पहिल्या पायरीशी. माझी गोधडी म्हणजे नुसत्या चिंध्यांचा ढीग झालाय. धोतराला गाठी मारून फिरतो. टोपीचे दोन तुकडे.

त्यांना सुती दोरा हवा. घेतात, बोटांत फिरवून बघतात, वास घेतात, टाकून देतात. बाजारचा दोरा. आईचा नाही.

निशाणाला अजून एकानंही हात लावला नाही. खारा कालवा मी आज पुरा भरला, झगमगीत. त्यांच्यातला एक समोर उभा राहून बघत होता. जीभ फिरवली त्यानं ओठांवरून. मग तोंड फिरवलं.

८ मार्च

समारंभ झाला. मांडव, बँड, खुर्च्या. कलेक्टरसाहेबांनी पलटणीची सगळी कुळकथा वाचली, नंबर, मुकुट, लढाया. खाऱ्या कालव्याला टाळ्या पडल्या. मेलेल्यांपैकी एकाचंही नाव घेतलं नाही. नाव लढाईला असतं, माणसाला कशाला हवं!

ते सगळे मांडवामागे उभे होते, कवायतीसारखे. मलाच दिसत होते, आणि पारुबाईला. ती भर समारंभात हंडा घेऊन त्यांच्या ओळीत फिरत होती, पाणी देत. लोकांना वाटलं बाई वेडी झाली.

सुभेदार सलामीला उभे राहिले आणि त्यांच्या कोटाची बाही खांद्यापासून सुटून हळूच मनगटावर आली. मग दुसरी. साहेबांनी दुसरीकडे पाहिलं. मला हसू यायला हवं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत सुभेदार धुळ्याला निघून गेले. बंगल्याला कुलूप.

९ मार्च

पारुबाई स्टेशनाच्या वाटेवर आडवी आली. म्हणाली, "तू जाळी, तूच पोचाड." डोंगरात चल, गावोगाव. ज्या आया जिवंत आहेत त्यांच्याकडून नवे दोरे कातून घेऊ, तुझ्या हातानं दारादारात बांधू. तू पुढे चाल, ते तुझ्या मागे येतात. एकेकाला घरी सोडू. पावसाळ्यापर्यंत होईल.

पावसाळ्यापर्यंत! रशिदाचा नववा चाललाय. मी म्हटलं, बाळ होऊ दे, मग येतो, अल्लाची शपथ. ती म्हणाली, आत्ता घरी गेलास तर तेही तुझ्याच घरी येतील, त्यांना दुसरी वाट ठाऊक नाही.

मी गाडीत चढलो. कोण चढणार नाही? माझी बायको आहे, माझं घर आहे—

डबा खचाखच भरलेला. माझ्या समोरचा बाक मात्र रिकामा. कुणी बसायला आलं की बसत नाही, नाक दाबून पुढे जातं. बाकाखाली पाणी. नाही, पाणी नाही. मिठाचा चिखल.

१० मार्च, नंदुरबार

रशिदा हसली. पोट केवढं झालंय. मी वाळलोय म्हणाली.

रात्री नीट झोप लागली. वाटलं, सुटलो.

सकाळी ती पाणी प्यायला गेली, तर माठ कोरडा.

१२ मार्च

बाळासाठी तिनं शिवलेली गोधडी. सकाळी उघडली तर नुसते चौकोन. रडली ती. मी म्हटलं उंदीर. ती म्हणाली, गल्लीत दुपारी कोण लोक उभे होते, तुमच्या कामावरचे का, पाणी द्यायचं होतं त्यांना, सगळे माझ्या पोटाकडे—

तिलाही दिसतात.

पारुबाईला निरोप पाठवायचा. चल म्हणावं, आत्ता येतो, पायी येतो. पण कुणाबरोबर पाठवू?

१४ मार्च

उन्हं डोक्यावर. सकाळपासून कळा. सकीना खाला आत आहे. या गल्लीतली सगळी पोरं तिच्याच हातची. मला ओसरीवर बसवलंय. मधे फक्त पडदा. लिहितो, म्हणजे समोर बघायला नको.

गल्ली भरलीय. ओळी. उभे आहेत, उन्हात—

रडला! मुलगा. अल्ला, मुलगा—

सकीना खाला आतून दोरा मागतेय. नाळ बांधायला. लवकर दे म्हणते.

पेटी उघडली. रिळं नुसती लाकडं. रशिदाचा डबा, काही नाही. शेजारी धावलो, त्यांच्या घरातही वीतभर दोरा नाही, त्यांच्याही खाटेच्या चादरी उसवलेल्या. कलाबतू आहे, ढीगभर, सोन्याचा. तो कोवळी नाळ कापून टाकेल. जरवाल्याच्या घरात एक दोरा नाही—

तिनं नाळ बोटांत दाबून धरलीय. ओरडतेय. बोटं निसटतायत म्हणते—

ओळ मोडली. पुढचा पायरी चढला. हनुवटी पारुबाईची. रूपसिंग. मी म्हटलं, चल, तुझ्या आईकडे नेतो, आत्ता, सगळ्यांना नेतो. तो माझ्याकडे बघत नाही. पडद्याकडे बघतोय. सगळे तिकडेच. हात पुढे—

पडद्याची शिवण निघतेय, वरून खाली, आणि आईनं दिलेला दोरा या घरात आता एकच आहे, तो बाळाच्या बेंबीला—